बाबांच्या मापाचे पाच दिवस

७ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. न फोडता ठेवून दिलं असशील तरी माझी काही तक्रार नाही, पण मग हे वाक्य तू वाचतच नसणार, तेव्हा ते राहू दे. पत्ता तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून घेतला. तिला रागावू नकोस. मी तिच्या दारात तासभर ठिय्या मांडून बसले होते. फोन करायचं मनात होतं, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर माझी बोबडी वळली असती. तीस वर्षं स्टेशनच्या माइकवर बोललेल्या बाईचं हे असं आहे.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. खालच्या मजल्यावरचे मास्तर आहेत ना, त्यांची नजर आता पूर्णच गेली. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवते. ते मध्येच माझे उच्चार सुधारतात आणि मी मध्येच त्यांना न आवडणाऱ्या बातम्या गाळते. दोघांचंही बरं चाललंय.

पत्र लिहायला कारण असं, की वरच्या मजल्यावरच्या बाईंना उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. त्यांचं कोणी नाही, म्हणून दवाखान्यात सोबतीला मी जाते. ऑपरेशन नको, किरणं देऊ म्हणाले. सहा-साडेसहा आठवडे. हे तुझंच काम, म्हणून वाटलं तुला विचारावं.

तो विभाग तळघरात आहे. तुझाही असाच असतो का? लिफ्टमधून उतरलं की खिडकी म्हणून नाही. भिंतीवर समुद्राचं मोठं चित्र लावलंय, आणि त्याच्यासमोर खुर्च्यांवर माणसं डोकं खाली घालून बसलेली. खोलीचं दार तर बँकेच्या तिजोरीला असावं तसं जाड.

परवा बाईंचा मुखवटा केला. तुला माहीतच आहे, पण मी पहिल्यांदा बघितला. जाळीचा एक पांढरा पत्रा गरम पाण्यातून काढतात आणि ओला ओला चेहऱ्यावर ताणून बसवतात, अगदी खांद्यापर्यंत. मग तो थंड होऊन टणक होतो. टेबलाला खटके लावून अडकवतात, की मान तसूभर हलत नाही. गरम असतो तोवर बरं वाटतं, कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखं. मग तो आवळायला लागतो. कपाळावरचं पाणी ओघळून कानात जातं आणि ते पुसता येत नाही, कारण हात खाली पट्ट्याशी धरून ठेवायला सांगितलेलं असतं. गिळायचं म्हटलं तरी हनुवटी अडते. बाई म्हणाल्या.

तेव्हा मला एवढंच कळव, की याने आवाज जातो का? आणि मुखवटा आवळल्यावर घाबरं होतं त्यावर काही उपाय असतो का? बाई तशा धीराच्या आहेत, पण माणूसच ना.

तुझ्या तब्येतीला जप. उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल.

तुझी,
आई

२६ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. येईल अशी फार आशा धरली नव्हती, तरी रोज पेटी उघडून पाहत होते. ते असो.

वरच्या मजल्यावर कोणी बाई राहत नाहीत. तो फ्लॅट दोन वर्षं बंद आहे. तू मागचं पत्र वाचलं असशील तर तुला ते तिसऱ्याच ओळीत कळलं असणार. लहानपणी मी गाभुळलेलं खोटं बोलले की तू पट्टी हातात घेऊन म्हणायचीस, "आई, हे किती सेंटिमीटर खोटं?" आणि पाट्या रंगवत बसलेले तुझे बाबा हसून रंगाचा डबा सांडायचे. तर हे पूर्ण मीटरभर होतं. कॅन्सर मला आहे.

घाबरू नकोस. लवकर सापडलाय, म्हणतात. आज तेरावा दिवस झाला, तेहतीस आहेत.

तुझ्यासारखीच एक मुलगी इथे आहे. मशीन चालवत नाही, आकडेमोड करते. मी तिला गणितवाली म्हणते, ती मला काकू म्हणते. सुरू व्हायच्या आधी तिने मला तिच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं काही सही राहिली असेल. तर म्हणाली, "काकू, तुम्ही दिवसभर काय करता?"

"काय करणार? पेन्शन खाते."

"तसं नाही. जे गेलं तर तुमचं चालणार नाही, असं काय करता ते सांगा."

मला प्रश्नच कळेना. डॉक्टर लोक कुठे दुखतं ते विचारतात, हे कोण विचारतं? मग मास्तरांचं आणि पेपरचं सांगितलं. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितल्या, आता एका माणसाला बातम्या सांगते, एवढंच माझ्याकडे उरलंय, म्हटलं. तिने ते लिहून घेतलं. मग पडद्यावर माझा गळा दाखवला, आडवा कापून. नकाशात डोंगर दाखवतात तशा रंगीत रेघा. ही गाठ, हे स्वरयंत्र, ही डावीकडची लाळेची ग्रंथी, हे गिळण्याचे स्नायू. एकाला वाचवायला गेलं की दुसऱ्याला थोडं जास्त बसतं. गाठीला मात्र काही कमी करायचं नाही. डॉक्टरांनी आणि तिने चार वेळा मांडामांड केली तेव्हा स्वरयंत्राकडे जाणारं निम्म्याहून कमी झालं. बदल्यात उजव्या गालाच्या आत जास्त सोलवटणार, हे आधीच सांगितलं.

मी म्हटलं, "म्हणजे शिंप्यासारखं. ज्याच्या त्याच्या मापाचं."

"शिंप्याला बरं असतं काकू," ती म्हणाली, "चुकलं तर उसवता येतं."

मी तिच्या खोलीतून उठले आणि त्या समुद्राच्या चित्रासमोर येऊन बसले. माझा नंबर पुकारला तो मला ऐकू आला नाही. मला तुझा आवाज ऐकू येत होता. यांच्या अन्ननलिकेत, वर गळ्यापाशी निघालं आणि यकृतातही पोचल्याचं कळलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, की पाच दिवसच किरणं द्यायची. गिळता येईल, दुखणं कमी होईल, आणि उरलेले दिवस बाबा घरी काढतील. मी तुला काय बोलले होते ते आपल्या दोघींना पाठ आहे. परक्या माणसांना सहा-सहा आठवडे देतेस आणि बापाला पाच दिवसांत गुंडाळतेस? तू ओरडली नाहीस. तू म्हणालीस, "आई, हे बाबांच्या मापाचं आहे."

मला तेव्हा वाटलं, मुलगी शिकून दगड झाली. मी त्यांना दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही त्रास जास्त आणि उपयोग थोडा असं सांगितलं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी हट्टाला पेटले आणि पूर्ण तीस दिवस लिहून घेतले. सही माझी आहे.

आज एवढं पुरे. तोंडात फोड आलेत, दुधात बुडवलेल्या पावावर दिवस काढते. कपडे सगळे ढगळ झाले, तरुणपणीचे आता बसतील. एक बरं आहे, सुरुवातीला मुखवटा काढल्यावर गालावर जाळीचे वळ उठायचे आणि बसमध्ये लोक बघायचे, आता तसं काही उमटत नाही. सवय झाली असावी. घाबरं मात्र होतं. दार बंद होतं तो धप्प आवाज आला की मी मनात गाड्यांच्या वेळा म्हणते. सहा दहाची, सहा पंचेचाळीसची, सात वीसची. सात वीसच्या पुढे गेले की उठवतात.

मास्तरांना अजून वाचून दाखवते, अर्धं पान. ते म्हणतात, "बाई, आज गाडीचा आवाज जरा लेट आहे."

तुझी आई

१८ मार्च

चि. मोजपट्टीस,

हे पत्र मी साध्या पोस्टाने टाकत नाहीये. मास्तरांचा पुतण्या उद्या एका दिवसाच्या कामासाठी तुमच्याकडे येतोय, तो हातात देईल. शनिवारच्या आत ते तुला मिळायलाच हवं. बस पकडायच्या आधी हे वाचायचं, एवढी एकच गोष्ट मी तुझ्याकडे मागते.

आधी जे झालं ते सांगते. मागच्या आठवड्यात मी मशीनसाठी थांबले होते, तर गणितवाली स्वतः बाहेर आली. तिच्या हातात फोन होता.

"काकू, तुमची मुलगी बोलतेय. तुमच्या उपचाराबद्दल विचारतेय. तुम्ही हो म्हणालात तरच मी सांगेन."

मी मान हलवली.  

ती दार लावून वीस मिनिटं बोलली. बाहेर आली ती सरळ माझ्या हनुवटीपाशी वाकून बघायला लागली. म्हणाली, "काकू, गालावर वळ उठायचे थांबलेत, हे आम्हाला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, त्यात सांगायचं काय? तर तिने मला मुखवट्यासकट झोपवलं आणि गालाच्या बाजूने आख्खं बोट आत घातलं. आधी नख जात नव्हतं. माझं वजन पाच किलोने उतरलंय. टेक्निशियन रोज तपासत होते आणि पुढच्या सोमवारी नवा स्कॅन ठरलाही होता, पण तू त्याच दिवशी करायला लावलास. डावीकडची लाळेची ग्रंथी आत, किरणांच्या वाटेत सरकली होती, जिथे ती नको होती तिथेच. जुना हिशोब जुन्या चेहऱ्याचा होता, असं ती म्हणाली. दोन दिवसांत नवा मुखवटा, नवी आखणी. उरलेले दिवस मला सोपे जातील ते तू माझ्या पत्रातल्या एका फालतू ओळीवरून हेरलंस म्हणून.

तू मला पत्र लिहिलं नाहीस, माझ्याशी फोनवर बोलली नाहीस, आणि माझा गळा वाचवलास. मग गणितवाली म्हणाली, "शनिवारी येते म्हणालीय. तुम्हाला सांगायला सांगितलंय."

घरी येऊन मी तुझी खोली उघडली. चादर बदलली. खिडकीची काच पुसली. आणि मग पलंगावर बसले ती उठताच येईना. तू येणार, माझ्यासाठी काहीतरी पातळ करणार, मला औषधं मोजून देणार, आणि मी तुझ्याकडून ते सगळं करून घेणार, तुला काहीच माहीत नसताना. पाच वर्षं तू लांब होतीस तेव्हा ते मला झाकून ठेवता येत होतं. आता तू जिना चढून येणार म्हटल्यावर मला घरात जागा उरली नाही.

काल नव्या मुखवट्याचा पहिला दिवस होता. नवा म्हणजे पहिल्यासारखाच आवळ. दार लागलं. मी सहा दहाची म्हटली आणि पुढची आठवेना. इथे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलंय, काही वाटलं तर हात वर करा, आम्ही कॅमेऱ्यातून बघत असतो. तेवीस दिवस मी कधी केला नव्हता. काल केला. लगेच मशीन थांबलं, दार सरकलं, टक्कलवाला टेक्निशियन धावत आला आणि त्याने फटाफट खटके काढले.

"काय झालं काकू? गुदमरलं?"

मी म्हटलं, "नाही. थांबवता येतं का ते बघितलं."

तो चिडला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येतं की. तुम्ही म्हणाल तेव्हा. आणि पुन्हा सुरूही करता येतं."

मी पाणी प्यायले आणि पुन्हा झोपले. बाकीचं व्यवस्थित पार पडलं.

आता ऐक. यांनीही हात वर केला होता.

सतरावा दिवस होता. तिथेही थांबवलं, त्यांना बाहेर आणलं. शर्टाची बटणं उलटी-सुलटी लावलेली, ओठ सुकलेले, गालावर जाळी. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आता पुरे झालं गं. मला त्या जाळीत पुन्हा घालू नकोस. मोजपट्टीला बोलाव. ती म्हणत होती तेच करू."

मी त्यांना काय म्हणाले ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मी म्हणाले, "तिच्याशीच बोलले मी सकाळी. तीच म्हणाली, बाबांना सांग, पूर्ण करा. पूर्ण केल्याशिवाय मी भेटायला येणार नाही."

मी तुझ्याशी बोलले नव्हते. त्या सकाळी तुझाच फोन आला होता, आणि तुला मी सांगितलं होतं, की बाबांना तुझं नावही ऐकायचं नाही.

दोन्ही वाक्यं माझी. तुमच्या दोघांच्या मध्ये मी उभी होते आणि इकडचं तिकडे काही जाऊ दिलं नाही. का, म्हणून विचारशील. मला वाटत होतं ते वाचतील. खरंच वाटत होतं. तुझ्या तोंडून एकदा ऐकलं असतं तर त्यांनी तुझं मानलं असतं, माझं कोणी मानलं नसतं, आणि मग ते गेले असते आणि मी काहीच केलं नाही असं झालं असतं. मला काहीतरी करायचं होतं. माझं भय त्यांच्या अंगावर घातलं. माझ्याच मापाचं होतं ते, त्यांच्या नव्हे.

माझं बोलणं ऐकून त्यांनी शर्टाची बटणं काढून नीट लावली. मग म्हणाले, "ती म्हणते तर काहीतरी हिशोब असेल तिचा." आणि उठले. दुसऱ्या दिवशीपासून एकदाही हात वर केला नाही. तेरा दिवस. मी बाहेर बसून असायचे आणि मला वाटायचं, बघ, झाले ना तयार. ते कशाच्या बळावर आत झोपत होते हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी दार बंद होऊ देत होते.

तू पाच वर्षं समजतेस की बाबा तुझ्यावर रागावून गेले. अंत्यसंस्काराला तू त्यांच्या पायांपाशी उभी होतीस, डोक्याकडे आली नाहीस, ते मी पाहिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. एक पाऊल होतं. मी नजर फिरवली. त्यानंतर दर वर्षाला ते पाऊल लांब होत गेलं आणि मी आत कोंडत गेले. कोंडणारीही मीच होते, तेव्हा ओरडणार कोणाच्या नावाने?

ते तुझ्यावर रागावले नव्हते. एक दिवसही नाही. पाट्या रंगवायला हातात ब्रश धरवेना तेव्हाही बोटाने चादरीवर अक्षरं काढायचे आणि म्हणायचे, अंतर चुकलं, पट्टी घेऊन पोर असती तर चुकलं नसतं.

आता तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये असंही म्हणवत नाही. नवी आखणी झाली आहे, नऊ दिवस राहिलेत, गणितवाली आणि तो टक्कलवाला मला नीट सांभाळतायत, मास्तरांचा पुतण्या भाजी-दूध आणून देतो. मी एकटी पार पडेन. तू दया येऊन यायचं नाहीस. आलीस तर हे सगळं जाणून यायचं, आणि दारात मला जे सुनवायचंय ते सुनवून घ्यायचं. मी मध्ये बोलणार नाही, घसा तसाही बसलाय. नाही आलीस तर मी समजेन. पेटी उघडून पाहत बसणार नाही, असं मात्र म्हणवत नाही.

एक राहिलं. तिसाव्या दिवशी घरी आणलं तेव्हा त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं. पलंगावर टेकल्या टेकल्या माझा हात धरून त्यांनी तुझ्यासाठी निरोप सांगितला. नऊ दिवस वाट पाहिली. रोज विचारत, "सांगितलंस ना तिला?" मी रोज हो म्हणाले. तो निरोप मी अक्षरही न बदलता देते:

"तिला सांग, पूर्ण केले. आता ये म्हणावं."

निरोप पोचवायला पाच वर्षं लावणारी,
तुझी आई